चिपळूणचे रस्ते, उड्डाणपूल आणि कारभार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की हे प्रश्न येऊ लागतात आणि गणपतीपर्यंत थांबत नाहीत. तेच तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा एकत्र मांडले आहेत. बहुतेक गाऱ्हाणी अडतात ती चुकीच्या दारात गेल्यामुळे, म्हणून पहिला प्रश्न सगळ्यांनी वाचावा. बाकीचे गरजेप्रमाणे.

१. घरासमोर खड्डा पडलाय. तक्रार नगरपरिषदेत करायची की 'बांधकाम'मध्ये?

आधी रस्ता कोणाचा ते ठरवा, मग अर्ज लिहा. मुंबई-गोवा महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ६६) आपल्या भागात राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे आहे. गुहागरहून येऊन कुंभार्ली घाटाने कराडकडे चढणारा रस्ताही राष्ट्रीय महामार्गच, क्रमांक १६६ ई. शहरातल्या गल्ल्या, पेठांमधले आणि वसाहतींमधले रस्ते नगरपरिषदेचे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे बांधकाम खात्याचे, ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेचे.

घोळ होतो तो हद्दीवर. रेल्वे स्टेशन आपण 'चिपळूण' म्हणतो, पण ते वालोप्यात आहे. खेर्डी डोळ्यांना शहरच दिसते, पण तिथे ग्रामपंचायत आहे आणि औद्योगिक वसाहतीच्या आतले रस्ते एमआयडीसीचे. नवीन सोसायटीतला अंतर्गत रस्ता बिल्डरने नगरपरिषदेकडे हस्तांतरित केलेला नसेल, तर नगरपरिषद त्यावर डांबराचा एक थेंबही टाकणार नाही. अशा वेळी तक्रार बिल्डरविरुद्ध.

खात्री नसेल तर एकच अर्ज तिघांच्या नावे लिहा, तिन्हीकडे आवक क्रमांक घ्या आणि शेवटी एक वाक्य घाला : 'सदर रस्ता आपल्या ताब्यात नसल्यास तसे लेखी कळवावे.' हे वाक्य फार कामाचं आहे. तोंडी हात झटकणारे लेखी झटकताना विचार करतात.

२. राष्ट्रीय महामार्ग म्हणजे एनएचएआयच ना? मग राज्याचं खातं मधे कुठून आलं?

महामार्ग केंद्राचा, पैसाही केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा, पण काम करून घेणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने वेगळी. पनवेल ते रायगडातलं इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, म्हणजे एनएचएआयकडे. इंदापूरपासून खाली सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंत राज्याच्या बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग. म्हणून चिपळूणच्या खड्ड्याची तक्रार एनएचएआयच्या दिल्लीतल्या पत्त्यावर पाठवली की ती फिरत फिरत पुन्हा इकडेच येते, दोन महिने वाया घालवून. १०३३ हा महामार्गांचा मदत क्रमांक अपघात किंवा रस्त्यात बंद पडलेल्या गाडीसाठी जरूर वापरा, पण नुसत्या १०३३ वर विसंबू नका.

३. बहादूरशेख नाक्याचा उड्डाणपूल पडला होता तो हाच ना? त्यावरून आणि त्याखालून जाणं सुरक्षित आहे का?

होय, हाच. १६ ऑक्टोबर २०२३. सकाळी मोठा आवाज होऊन गर्डर, म्हणजे खांबांवरच्या आडव्या तुळया, खचल्याचं दिसलं, वाहतूक वळवली गेली आणि दुपारी गर्डर ते चढवणाऱ्या लाँचर यंत्रासकट खाली आले. कोणाला इजा झाली नाही. सकाळी रस्ता मोकळा केला होता म्हणून वाचलो, एवढंच म्हणता येईल. नाक्यावर कराडची वाहतूक महामार्गाला मिळते, शाळेची मुलं, रिक्षा, भाजीच्या गाड्या सगळे तिथेच.

त्यानंतर तज्ज्ञांची समिती नेमली गेली, चढवलेले गर्डर उतरवले गेले आणि आराखडाच बदलला : खांबांमधलं अंतर कमी करून मधे जादा खांब घेतले. अंतर कमी म्हणजे गर्डरची लांबी कमी, वजन कमी आणि बसवतानाचा धोकाही कमी. हा बदल योग्य दिशेचा आहे. पण 'आता सुरक्षित आहे' हे भाषणातलं वाक्य नव्हे, कागदावरचं हवं. भार चाचणीचा अहवाल आणि त्रयस्थ संस्थेचा गुणवत्ता अहवाल हे दोन कागद मागा. कसे मागायचे ते प्रश्न १२ मध्ये.

काम चालू असलेल्या पुलाखालून जाण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. वर क्रेन किंवा लाँचर हलत असताना खालून वाहतूक चालू ठेवणं हा गुन्हा मानला पाहिजे. तसं दिसलं तर फोटो काढण्याआधी ११२ ला फोन करा.

४. महामार्ग पूर्ण होणार तरी कधी?

रुंदीकरण २०११ च्या सुमारास पनवेलच्या बाजूने सुरू झालं. तेव्हापासून मुदतींची माळ लागली आहे. २०२३ च्या गणपतीआधी एक मार्गिका पूर्ण करण्याचा शब्द तेव्हाच्या बांधकाम मंत्र्यांनी दिला होता, त्यासाठी पाहणी दौरेही झाले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली, सरकारने तिथेही तारखा दिल्या. दरवर्षी ऑगस्टमध्ये चाकरमानी निघायच्या आधी यंत्रं पळतात आणि विसर्जनानंतर पुन्हा शांत होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पुढाऱ्याने सांगितलेली तारीख सोडून द्या. विचारण्यासारख्या तारखा दोनच : करारातली मूळ पूर्णत्वाची तारीख आणि शेवटच्या मुदतवाढ आदेशातली तारीख. मुदतवाढ कोणाच्या चुकीमुळे दिली, हेही त्या आदेशात लिहिलेलं असतं. ठेकेदाराची चूक असेल तर दंड, जागा वेळेत न मिळाल्यामुळे असेल तर दंड नाही. सगळी मेख तिथे आहे.

आणि यंत्रणेला जमत नाही असं नाही. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. याच महामार्गावर, याच खात्याकडून.

५. खड्ड्यात गाडी घसरून वडिलांचा हात मोडला. भरपाई मिळते का?

मिळू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. निर्णय समितीने घ्यायचा : नगरपरिषदेचा रस्ता असेल तर मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. बांधकाम खात्याच्या किंवा महामार्गाच्या रस्त्यांसाठी त्या यंत्रणेचे प्रमुख किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी आणि तेच सचिव. चिपळूणच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीत गेलात तर अर्ज कुठे पोचवायचा ते सांगतात. वकील लावायलाच हवा असं नाही.

दावे पडतात ते पुराव्याअभावी. दवाखान्यात पहिल्याच दिवशी 'खड्ड्यात दुचाकी घसरून' असं केसपेपरवर लिहून घ्या. घाईत 'पडून इजा' असं लिहिलं जातं आणि पुढे सगळं अवघड होतं. पोलिसांत नोंद करा. खड्ड्याचा फोटो नुसता खड्ड्याचा नको, त्यात किलोमीटरचा दगड, विजेचा खांब किंवा दुकानाची पाटी आली पाहिजे. महामार्गवाले बातमी छापून आली की रातोरात खडी टाकतात आणि सकाळी तिथे खड्डा नव्हताच.

६. सर्व्हिस रोडवर पडलो. महामार्गवाले म्हणतात नगरपरिषदेचा, नगरपरिषद म्हणते महामार्गाचा. मग?

उड्डाणपुलाच्या दोन्ही बाजूंचा सेवा रस्ता महामार्गाच्या संपादित जागेत असेल आणि नगरपरिषदेकडे लेखी हस्तांतर झालेलं नसेल, तर तो महामार्गाचाच. 'शहरातून जातो म्हणून शहराचा' हा युक्तिवाद चालत नाही. हस्तांतराचं पत्र दाखवा म्हणावं. अपवाद एकच : नगरपरिषदेने किंवा एखाद्या मोबाइल कंपनीने पाइप अथवा केबल टाकायला खणलं आणि चर नीट बुजवला नाही, तर खणणाराही जबाबदार. खोदाईची परवानगी कोणी दिली ते विचारा. भरपाईचा मार्ग प्रश्न ५ प्रमाणेच, फक्त अर्जात दोघांनाही सामील करा.

७. पाऊस पडला की महामार्गालगत तळं साचतं. पूर्वी असं व्हायचं नाही. भरावामुळेच ना?

पुष्कळ ठिकाणी भराव आणि गटार दोन्हींमुळे. जाऊन बघा : काँक्रीटचं गटार बांधलेलं आहे, पण पाणी आत जायची भोकं रस्त्यापेक्षा वीतभर वर. पाणी गटाराला चाटून पुढे जातं, आत जात नाही. दुसरीकडे डोंगराकडून येणारा पऱ्या, म्हणजे ओढा, पूर्वी रस्त्याखालच्या मोरीतून सरळ जायचा. आता मोरीच्या तोंडाशी लाल मातीचा ढीग. रस्ता उंच झाला, दुकानं खाली राहिली.

पण २२ जुलै २०२१ च्या पुराचं खापर एकट्या महामार्गावर फोडता येणार नाही. अतोनात पाऊस, भरती, गाळाने उथळ झालेल्या वाशिष्ठी आणि शिवनदी, शिवाय कोयनेचं अवजल अशी ती मोट होती. कोयना प्रकल्पातून वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवायची मुभा आहे आणि वीज करून झालेलं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येतं. त्या रात्री एसटी आगारातले कर्मचारी रोकड वाचवायला गाडीच्या टपावर बसून राहिले आणि वाशिष्ठीच्या पुलाचा जोडरस्ता खचून महामार्गच तुटला. गाळ काढण्यासाठी लोकांना साखळी उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे यंत्रं नदीत उतरली.

मे महिन्यात तुमच्या भागातल्या मोऱ्यांची यादी आणि साफसफाईची तारीख मागा. जुलैत मागून उपयोग नाही. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर. नगरपरिषदेचा भोंगा वाजला की गाडी पुलाखाली किंवा बाजारात ठेवू नका, उंचावर न्या.

८. परशुराम घाट बंद आहे हे आयत्या वेळी कळतं. आधी कुठे समजेल? पर्याय काय?

घाट बंद करण्याचा आदेश जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण काढतं. त्यामुळे जिल्हा माहिती कार्यालय आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अधिकृत पानावरचा आदेश तेवढा खरा माना, व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो बहुतेक वेळा गेल्या वर्षीचा असतो. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये डोंगर कापण्यासाठी घाट दुपारी काही तास बंद असायचा आणि त्याच जुलैत दरडीच्या भीतीने काही दिवस पूर्णच बंद होता.

हलक्या गाड्यांना लोटे–चिरणी–आंबडस–कळंबस्ते हा रस्ता आहे. अरुंद, वळणाचा, रात्री अनोळखी माणसाने जाऊ नये असा. ट्रक आणि मोठ्या बसेस त्यावर घालूच नका. एक अडकला की शंभर अडकतात. घाटात दरडीच्या बाजूला थांबून चहा पिणाऱ्यांना आणि सेल्फी काढणाऱ्यांना काय सांगावं!

९. अपघात दिसला. जखमीला उचललं तर पोलिसांचं लचांड मागे लागेल का?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार होण्याची सक्ती नाही, दवाखान्यातही पैसे मागता येत नाहीत. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात पोचवणाऱ्यासाठी केंद्राची 'राहवीर' योजना आहे, २५ हजार रुपयांची. १०८ लावा, पण घाटात रुग्णवाहिका लांब असेल तर वाट बघत बसू नका.

मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचार मिळतात. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार, अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात. खड्ड्याचा मामला वेगळा, तो प्रश्न ५.

१०. महामार्गात जमीन गेली, पैसे अडकलेत. सातबाऱ्यावर अख्ख्या भावकीचं नाव आहे.

कोकणातला हा सर्वात मोठा प्रश्न. जमीन पाच गुंठे आणि नावं तीस. त्यातले निम्मे मुंबईत, काही वारलेले, एकजण दुबईत, एक आत्या कुठे दिल्या तेही कोणाला आठवत नाही.

निवाडा करणारे सक्षम अधिकारी म्हणजे सहसा प्रांत. वारसनोंद झालेली नसेल तर आधी तलाठ्याकडे ती उरका, तिच्याशिवाय एक पैसाही हलत नाही. सगळ्यांची संमती झाली तर प्रत्येकाच्या खात्यात हिश्श्याप्रमाणे रक्कम जाते. मुंबईकरांनी मुखत्यारपत्र पाठवलं तरी चालतं, पण ते नोंदवलेलं असू द्या. संमती झाली नाही, तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ३-एच (४) खाली वाटपाचा वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवला जातो. तिथे वर्षं जातात. म्हणून भावकीची एक बैठक गणपतीतच घ्या, सगळे गावात असतात आणि देवासमोर आवाज जरा खाली राहतो.

दर कमी वाटत असेल तर ती वेगळी लढाई : कलम ३-जी (५) खाली लवादाकडे अर्ज. पैसे उचलताना 'हरकत राखून' असं लिहून द्या. कलमी आंबा, फणस, विहीर, गडगा (दगडी कुंपण) यांचं मूल्यांकन जमिनीपेक्षा वेगळं असतं, ते निवाड्यात आलंय का बघा. आणि 'इतर हक्क' रकान्यात कूळ असेल तर त्याला वगळून पैसे उचलायचा विचारही करू नका.

११. आता नगराध्यक्ष थेट निवडून आलेत. ते महामार्गाचं काम करून घेऊ शकतात का?

हुकूम देऊ शकत नाहीत, अडवू आणि रेटू शकतात. नगरपरिषदेवर जवळपास चार वर्षं प्रशासक होता. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यभर नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि विचारायला पुन्हा माणूस मिळाला. सभागृहाचा ठराव महामार्ग विभागावर बंधनकारक नाही, तरी पाणी, गटारं, पथदिवे, केबल यांसाठी विभागाला नगरपरिषदेची गरज पडतेच. तिथे अटी घालता येतात. चुकीचा ठराव झाला तर १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी तो स्थगित करू शकतात, आणि हे हत्यार विरोधकही वापरतात.

प्रचारात सगळेच उड्डाणपुलाचं श्रेय घेतात. पूल पडला तेव्हा मात्र तो कोणाचाच नव्हता. नगरसेवकाला उड्डाणपुलाबद्दल विचारू नका, त्याच्या प्रभागातल्या गटाराबद्दल विचारा. ते त्याच्या हातात आहे. महामार्गासाठी आमदार आणि खासदार. चिपळूण रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघात येतं, रायगडात नाही. वरच्या बाजूचे बरेच जण इथे चुकतात.

पुलाखालच्या जागेत टपरी किंवा वाहनतळ हवा, असंही विचारतात. ती जागा महामार्गाची. नगरपरिषदेने पावती फाडली म्हणून टपरी कायम होत नाही.

१२. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, 'आमच्याशी संबंधित नाही' म्हणून परत आला.

प्रश्न २ वाचा. चिपळूणचा टप्पा राज्याच्या कार्यालयाकडे असल्याने राज्याचे नियम लागतात : अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. पनवेल–इंदापूरबद्दल विचारायचं असेल तर केंद्राचे नियम. शिवाय दुसऱ्या कार्यालयाचा विषय असेल तर अर्ज परत न पाठवता पाच दिवसांत तिकडे वर्ग करणं त्यांचं काम आहे. परत पाठवला असेल तर पहिलं अपील करा.

'कामाबद्दल सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. कागदाचं नाव घ्या : मुदतवाढ आदेश, भार चाचणी अहवाल, दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत दोष निघाला तर ठेकेदाराने दुरुस्त करायचा ती) कधी संपतो ते पान. फार कमी लोकांना ठाऊक असतं की या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो मागितला की कार्यालयातल्या खुर्च्या जरा सरळ होतात.

१३. निकृष्ट काम केल्याबद्दल ठेकेदारावर गुन्हा दाखल होतो का?

होतो. कामाच्या निष्काळजीपणामुळे कोणाचा जीव गेला किंवा धोक्यात आला तर भारतीय न्याय संहितेखाली. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ प्रमाणे रस्त्याची ठरलेली मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर यंत्रणा, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. कोटींच्या कामात एक लाख म्हणजे चहापाण्याचा खर्च, हे खरं. तरी दंड झाला की दोष कागदावर येतो आणि प्रश्न ५ मधल्या दाव्याला बळ मिळतं.

पोलीस ठाण्यात घेतच नसतील तर तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

१४. एवढं करण्यापेक्षा रेल्वेने गेलेलं बरं. चिपळूण-कराड मार्गाचं काय झालं?

सर्वेक्षणं झाली, घोषणा झाल्या, करारही झाला, गाडी काही धावली नाही. निवडणुकीच्या जाहीरनाम्यापुरता तो मार्ग अजून जिवंत आहे. चालू असलेल्या कोकण रेल्वेपुरतं बोलायचं तर रोहा ते वीर दुहेरीकरण २०२१ मध्ये झालं, विद्युतीकरण २०२२ मध्ये, आणि २०२५ मध्ये भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने संमती दिली. पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि मुसळधार पावसात गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात. स्टेशनवर जाण्याआधी ते बघा, आणि वालोप्याच्या फाट्यावर रिक्षाचं भाडं आधी ठरवा.